ए भाग म्हणजे स्थायी नव्हे

मँडोलिनवर अमेरिकन किंवा आयरिश फिडलच्या (म्हणजे लोकसंगीतातल्या व्हायोलिनच्या) चाली शिकायला बसलेला आपला माणूस पहिल्या आठवड्यातच विचारतो, "ए म्हणजे स्थायी आणि बी म्हणजे अंतरा, बरोबर ना?" समोरचाही "हो, तसंच काहीसं" म्हणून सुटतो. या 'तसंच काहीसं'चा मला मनापासून कंटाळा आलाय.

स्थायी-अंतरा तुम्हाला ठाऊकच आहे. स्थायी मंद्र-मध्यात, अंतरा तार षड्जाकडे, मग मुखडा पकडून परत स्थायी. पेटीच्या पहिल्या वर्षाची गोष्ट.

फिडलच्या चालीत बहुधा दोन भाग असतात आणि प्रत्येक भाग दोनदा वाजतो: ए ए बी बी. काही आयरिश रील (जलद नाचाच्या चाली) एकेरी असतात, म्हणजे प्रत्येक भाग एकदाच; काही चालींना तीन-चार भाग असतात, एखादीत मधेच एक ठोका जास्त निघतो. हे सगळं ऐकून अंगवळणी पडतं. मँडोलिनच्या तारा व्हायोलिनसारख्याच जी-डी-ए-ई या सुरांत लावलेल्या, त्यामुळे बोटांनाही फार नवं काही नाही. ब्लूग्रास संगीताचा जनक बिल मन्रो याच्या मँडोलिनवर त्याच्या मामाच्या फिडलचा ठसा होता, तो काही उगाच नाही.

माणसं अडकतात ती परत येण्यात. स्थायी हे बंदिशीचं घर. गायक ती हवी तितक्यांदा घोळवतो, मुखड्यावर पुन्हा पुन्हा येतो आणि शेवटही तिथेच करतो. फिडलच्या चालीत असं घर नसतं. ए आणि बी दोघंही सारख्या मानाचे, बहुधा सारख्या लांबीचेही. बीचा दुसरा फेरा संपला की चाल पूर्ण झाली. त्यानंतर ए आलाच तर तो नव्या फेऱ्याची सुरुवात म्हणून येतो.

आणि हे फेरे मर्जीचे नसतात, कारण ही नाचाची चाल आहे. अमेरिकेतल्या काँट्रा नाचात एक फेरा ६४ पावलांचा: १६ पावलं पहिल्या एला, १६ दुसऱ्याला, तशीच दोन्ही बींना. जोडीदार कधी बदलायचा, रांगेत कधी पुढे सरकायचं, हे त्या हिशोबावर बसवलेलं असतं. रंगात येऊन तुम्ही ए तिसऱ्यांदा घोळवलात तर नाचणारे एकीकडे आणि चाल दुसरीकडे.

ओल्ड-टाइम जॅममध्ये, म्हणजे जुन्या अमेरिकन चाली एकत्र वाजवायच्या बैठकीत, चाल सुरू करणारा शेवटच्या फेऱ्यात पाय उचलून दाखवतो. म्हणजे हा फेरा पुरा करा आणि थांबा. सगळे बीच्या शेवटच्या सुरावर थांबतात आणि स्थायीची सवय असलेला एकटाच ए परत धरतो. हा एकटा मी होतो, एकदा नव्हे, तीनदा. तेव्हापासून पायाकडे बघत वाजवतो.

याच गैरसमजाचं शेपूट म्हणजे 'ए खालचा, बी वरचा'. ए हे फक्त आधी वाजणाऱ्या भागाचं नाव आहे. 'सोल्जर्स जॉय' बहुतेक जण खालून सुरू करतात, ते अंतऱ्याच्या सवयीला मानवतं. पण 'ओल्ड जो क्लार्क' घ्या, 'क्रिपल क्रीक' घ्या: नेहमीच्या पद्धतीत वरचा भाग आधी येतो आणि खालचा मागून. पूर्व अमेरिकेतल्या अ‍ॅपलेशियन डोंगराळ भागातले जुने फिडलवाले ए-बीच्या भानगडीत न पडता 'फाइन' आणि 'कोर्स' म्हणतात: बारीक तारांवरचा भाग आणि जाड तारांवरचा. ही नावं मला शंभर पटीने पसंत आहेत, कारण ती सूर कुठे आहेत ते सांगतात. ए-बी ही अक्षरं कागदावरची. एकीकडच्या वहीत जो ए, तोच शेजारच्या गावात बी म्हणून वाजू शकतो, आणि यात कोणीच चुकलेलं नसतं.

म्हणून सरावाला बसताना दोन्ही भाग सुटे पाठ करा आणि चाल कधी एपासून, कधी बीपासून सुरू करून बघा. जे फक्त एपासूनच सुरू करू शकतात, त्यांची बोटं भलत्या ठिकाणी सुरुवात झाली की थिजतात. जॅममध्ये अनोळखी माणसांत बसलात तर पट्टी विचाराल तेव्हाच आणखी एक विचारा: "वरचा भाग आधी की खालचा?"