सरेंडर केलेला कुत्रा दत्तक घेताना: ठाणे-नवी मुंबईकरांसाठी पात्रता, कागदपत्रं आणि अर्जाची प्रक्रिया

सिंबा साडेपाच वर्षांचा आहे. लॅब्राडॉर आणि गावठी यांची सरमिसळ, अंगावर भाजक्या शेंगदाण्याचा रंग, एक कान कायम दुमडलेला. घोडबंदर रोडला राहणाऱ्या त्याच्या घरच्यांची परदेशी बदली झाली आणि त्यांनी त्याला शेल्टरमध्ये आणून सोडलं. सोबत एक पिशवी होती: स्टीलचा वाडगा, त्याची चादर, लसीचं कार्ड आणि दोन पानी सरेंडर फॉर्म, म्हणजे कुत्र्याचा ताबा सोडत असल्याचा कागद. मी शनिवार-रविवार तिथे स्वयंसेवक म्हणून जाते, दत्तकाचे अर्ज बघणं हे माझ्याकडचं काम. सिंबासाठी आजवर चार अर्ज आले. चारही घरं चांगली, कागदपत्रं चोख. तरी तो अजून आमच्याकडेच आहे. फॉर्मच्या दुसऱ्या पानावर लिहिलंय की जेवताना कोणी जवळ आलेलं त्याला चालत नाही, मांजर दिसलं की मागे धावतो आणि एकटं ठेवलं तर दार ओरबाडतो. चारपैकी दोन घरांत रांगती मुलं होती, एका घरात मांजर, आणि चौथ्या घरातली दोघंही सकाळी आठला बाहेर पडून रात्री नऊला परतणारी.

चौकशीला येणारे बहुतेक जण आधी विचारतात, "कागदपत्रं कोणती लागतील?" मी त्यांच्या हातात आधी ते दुसरं पान देते.

सरेंडर फॉर्म कसा वाचायचा

पहिल्या पानावर आधीच्या मालकाचं नाव, कुत्र्याचं वय, लसी, नसबंदी ही माहिती आणि ताबा कायमचा सोडत असल्याची सही असते. ही सही आहे का ते नक्की बघा. सहा महिन्यांनी जुने मालक "आमचा कुत्रा परत द्या" म्हणत दारात उभे राहिले, तर तुमच्या बाजूने बोलणारा तोच कागद असतो. घरचा पत्ता आणि आधार नंबर मालकाचे खासगी असल्यामुळे शेल्टर ते झाकून प्रत देईल. हरकत नाही, तारीख आणि सही दिसली पाहिजे.

दुसरं पान स्वभावाचं. ते सोडणाऱ्या माणसाने स्वतः भरलेलं असतं, आणि भरताना तो अवघडलेला असतो. खरं लिहिलं तर याला कोणी घेणार नाही ही भीती असते, म्हणून "चावतो" ऐवजी "थोडा मस्तीखोर" लिहिलं जातं. मी त्यांना दोष देत नाही, कित्येक जण फॉर्म भरताना रडतात. पण वाचणाऱ्याने नेमके प्रश्न विचारायला हवेत. "रागीट आहे का?" याचं उत्तर नेहमी "नाही"च येतं. त्याऐवजी विचारा: कधी कोणाला दात लागलेत का, तेव्हा काय चाललं होतं, रक्त आलं होतं का? घरात एकटा किती तास राहिलाय? डॉक्टरकडे नेताना तोंडाला पट्टी बांधावी लागते का? शी-शूला दिवसातून किती वेळा जायची सवय आहे? लिफ्टमध्ये चढतो का? फटाके फुटले की कुठे लपतो?

शेल्टरचं स्वतःचं निरीक्षणही मागा, आणि ते किती दिवसांचं आहे तेही विचारा. रस्त्यावर वाढलेल्या कुत्र्यापेक्षा घरातून आलेल्या कुत्र्याला शेल्टर जड जातं. काल सोफ्यावर झोपणारा आज पिंजऱ्यात असतो आणि चारी बाजूंनी भुंकणं चालू असतं. काही जण दोन-तीन दिवस अन्नाला शिवत नाहीत, काही जण फाटकाकडे तोंड करून पडून राहतात. अशा दिवसांत जो शांत दिसतो तो बऱ्याचदा भीतीने गोठलेला असतो. म्हणून आम्ही साधारण दोन आठवड्यांनी नोंद नव्याने लिहितो.

सिंबाला पहिल्या आठवड्यात सगळे "किती गुणी" म्हणत होते. दहाव्या दिवशी वाडगा उचलायला गेलेल्या मुलावर तो गुरगुरला. मला त्या गुरगुरीने हायसं वाटलं. गुरगुरणं म्हणजे कुत्र्याने दिलेली सूचना. त्यासाठी ओरडा किंवा मार खाल्लेला कुत्रा सूचना देणं सोडतो आणि पुढच्या वेळी थेट चावतो. गुरगुरीच्या आधीही खुणा असतात: अंग ताठ होतं, जिभेने नाक चाटलं जातं, झोप आलेली नसताना जांभई येते, डोळ्यांचा पांढरा भाग कडेने दिसू लागतो. आम्ही सिंबाचा वाडगा काढून घेणं बंद केलं. तो जेवत असताना लांबून उकडलेल्या चिकनचा तुकडा टाकायचा आणि निघून जायचं, इतकंच. माणूस जवळ आला की काहीतरी मिळतं, हे त्याला हळूहळू पटलं. आता मी हातभर अंतरावर उभी असले तरी त्याची शेपटी हलते. लहान मुलाच्या घरात मात्र मी त्याला आजही देणार नाही.

पात्रता

अर्जदाराचं वय किमान १८ पूर्ण हवं. काही संस्था २१ मागतात. घरातल्या सगळ्या मोठ्या माणसांची संमती लागते, आणि ती आम्ही समोरासमोर विचारतो. "आईला आवडत नाही, पण घरी आला की आवडेल" असं सांगणाऱ्याला थांबायला सांगतो, कारण दुपारभर कुत्र्याजवळ त्या आईच असणार आहेत. महिन्याचा खाण्याचा आणि डॉक्टरांचा खर्च झेपेल का याची मोकळी चर्चा होते, पगाराची स्लिप मागत नाहीत. घर लहान असणं अपात्रता नव्हे. कळव्यातल्या चाळीत दोन वेळा मनापासून फिरवला जाणारा कुत्रा मोठ्या फ्लॅटच्या बाल्कनीत बांधलेल्या कुत्र्यापेक्षा सुखी असतो.

सोसायटीच्या परवानगीचा प्रश्न दर आठवड्याला येतो. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २६ फेब्रुवारी २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोसायटीला पाळीव कुत्रा ठेवण्यावर बंदी घालता येत नाही, बहुमताने ठराव केला तरी नाही. लिफ्ट वापरायलाही मनाई करता येत नाही. म्हणून सोसायटीची एनओसी आम्ही मागत नाही, पण सेक्रेटरींना आधी कळवून ठेवा असं आवर्जून सांगतो. नंतरची भांडणं त्याने टळतात. पट्टा बांधून नेणं आणि शी उचलणं ही आपली बाजू. भाड्याच्या घरासाठी मात्र घरमालकाचं लेखी संमतीपत्र हवंच. अकरा महिन्यांचा करार संपला आणि नव्या घरमालकाने नकार दिला, या एका कारणाने परत आलेले कुत्रे मी पाहिलेत.

कागदपत्रं

हा भाग सोपा आहे. ओळखपत्र, सध्याच्या पत्त्याचा पुरावा (वीजबिल किंवा नोंदणीकृत भाडेकरार), भाडेकरू असाल तर घरमालकाचं पत्र, एक फोटो. आधार द्यायचं असेल तर शेवटचे चार आकडेच दिसणारं मास्क्ड आधार द्या. घराचा छोटा व्हिडिओ मागतात, त्यात खिडक्या आणि बाल्कनी दिसू द्या. बाविसाव्या मजल्यावर जाळी नसलेली सरकती खिडकी असेल, तर आधी जाळी, मग कुत्रा.

तुम्ही शेल्टरकडून घ्यायचे कागद: ताबा सोडल्याच्या पत्राची प्रत, लसीचं कार्ड, नसबंदीचा दाखला, औषधोपचाराची नोंद, मायक्रोचिप (कातडीखाली बसवलेली ओळखीची चिप) असेल तर तिचा नंबर, आणि स्वभावाची दोन्ही टिपणं. कार्डावर रेबीजच्या शेवटच्या लसीची तारीख आणि डॉक्टरांचा शिक्का बघा. कार्ड हरवलं असेल तर लस पुन्हा द्यायची. आपल्याकडच्या पावसाळ्यात लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस या आजाराची) लस आणि गोचिडांचं औषध विसरून चालत नाही.

अर्जापासून घरापर्यंत

फॉर्म भरला की फोनवर बोलणं होतं, मग घरच्या सगळ्यांनी कुत्र्याला भेटायचं. किमान दोनदा या, आणि एक भेट त्याच्या फिरायच्या वेळेला ठेवा. नंतर स्वयंसेवक घरी येऊन बघतो. सगळं जुळलं की एक-दोन आठवड्यांची चाचणी आणि शेवटी दत्तक करार. करारात नसबंदी करणं, कुत्रा विकायचा किंवा परस्पर दुसऱ्याला द्यायचा नाही, आणि नाहीच जमलं तर शेल्टरलाच परत करायचा, ही कलमं असतात. शेवटचं कलम लाज वाटून घेण्यासारखं नाही. लवकर सांगितलंत तर त्याच्यासाठी दुसरं घर शोधायला वेळ मिळतो.

स्वयंसेवकांमध्ये तीन-तीन-तीनचा हिशोब बोलला जातो: बावरलेपण जायला तीन दिवस, घराची लय कळायला तीन आठवडे, घर आपलं वाटायला तीन महिने. हा ढोबळ अंदाज आहे, मोठ्या वयाच्या कुत्र्यांना जास्त दिवस लागतात. नेण्याची तारीख ठरवताना पंचांग बघा. ठाण्यातल्या दहीहंडीच्या आठवड्यात, विसर्जनाच्या तोंडावर किंवा दिवाळीच्या आदल्या दिवशी नवा कुत्रा घरी नेऊ नका. आवाजाला घाबरलेला कुत्रा पट्टा सोडवून पळतो आणि त्याला परतीचा रस्ता अजून माहीत नसतो. पहिल्या महिन्यात येऊरलाही नेऊ नका. खरं तर नंतरही नको. तो संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे आणि तिथे बिबटे आहेत.

महापालिकेचा परवाना

दत्तक करार झाला तरी महापालिकेचा श्वान परवाना वेगळा काढावा लागतो, आणि तो तुमच्या नावावर हवा. आधीच्या मालकाचा परवाना तुम्हाला चालत नाही. रेबीज लसीचा दाखला, पत्त्याचा पुरावा, ओळखपत्र आणि कुत्र्याचा फोटो एवढ्यावर अर्ज होतो, आणि दरवर्षी नूतनीकरण करायचं असतं. गडबड होते ती हद्दीची. दिघा, ऐरोलीपासून बेलापूरपर्यंत नवी मुंबई महापालिका. खारघर, कामोठे, कळंबोली इथले लोक पत्ता नवी मुंबई लिहितात, पण २०१६ पासून ते पनवेल महापालिकेत आहेत, अर्ज तिथेच. कळवा, मुंब्रा, दिवा ठाणे महापालिकेत.

दत्तक घेतल्या दिवसापासून कुत्र्याची जबाबदारी कायद्यानेही तुमची. त्याच्यापासून दुसऱ्याला इजा होऊ नये याची काळजी घेतली नाही, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. कोणाला दात लागलेच तर कुत्र्याला लस दिलेली असली तरी जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

ज्यांच्यावर सोडायची वेळ आली आहे

कृपया रात्री गाडीतून नेऊन खाडीकिनारी सोडू नका. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याच्या कलम ११ नुसार पाळीव प्राणी विनाकारण वाऱ्यावर सोडणं गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याचा दंड अजून १० ते ५० रुपयेच आहे, याचं मला फार वाईट वाटतं. बदली कळली की लगेच शोध सुरू करा, शेल्टर भरलेलं असेल तर नवं घर मिळेपर्यंत कुत्रा तुमच्याचकडे राहू द्या, आणि दुसरं पान खरं भरा. सिंबाच्या घरच्यांनी ते खरं भरलं. त्या तीन ओळींमुळे तो चुकीच्या घरी जाऊन परत येण्यापासून वाचला.

त्याला हवं असलेलं घर असं: मुलं असलीच तर दहा-बारा वर्षांच्या पुढची, मांजर नको, दुपारी कोणीतरी घरात. निवृत्त जोडपं असेल तर उत्तमच. जेवण कोपऱ्यात एकट्याने, फिरणं सकाळ-संध्याकाळ, आणि झोपायला ती जुनी चादर, जी मी अजून धुवायला टाकलेली नाही.