लिंबाच्या सावलीत लाल होणारं पातं

दसऱ्याच्या सुमाराला केज-धारूर रस्त्यानं गेलात, तर लिंबाखाली घिसाड्यांचं पाल दिसतंच. ऊसतोडीच्या टोळ्या निघायच्या आत कोयते करून, पाजवून घ्यायची घाई असते. (नवरा-बायकोच्या जोडीलाच आपल्याकडं ‘एक कोयता’ म्हणतात!) कोयता बहुतेकदा ट्रकच्या जुन्या पाट्याचा, म्हणजे स्प्रिंगच्या पोलादी पट्टीचा. त्यात कार्बन अर्ध्या टक्क्याहून थोडा जास्त, पण सगळी करामत त्याचीच.

लिंबाची सावली उन्हापासून वाचायला, असं मला बरीच वर्षं वाटायचं. पण लोखंड ५२५ अंश सेल्सिअसच्या आसपास उजळायला लागतं, आणि ती मंद लाली उन्हात दिसतच नाही. उन्हात नुसतं लालसर वाटलेलं पातं खरं तर फार तापलेलं असतं. अशा पोलादाचे दाणे मोठे होतात आणि धारेचे कपचे उडतात.

सावलीत मात्र एक नवल दिसतं. निखारे तेवढेच, भाता चालूच, पातं सगळीकडं सारखं उजळायला हवं. तरी ७३० अंशांच्या आसपास त्यावर काळपट छटा रेंगाळते, रानावरून ढगाची सावली सरकावी तशी. बर्फ पुरता वितळेपर्यंत भांड्यातलं पाणी तापत नाही, तसंच हे. आत आलेली उष्णता अणूंची मांडणी बदलण्यात खर्च होते. नव्या मांडणीत कार्बन विरघळून जातो. छटा पुसली गेली की पातं बुडवून झटकन थंड करायला तयार.

उलटा प्रकार त्याहून भारी. तापलेलं पातं नुसतं हवेत धरलं, तर विझत विझत ते मधेच पुन्हा उजळतं. मांडणी पूर्वीसारखी होताना उष्णता परत बाहेर पडते. विल्यम बॅरेट या शास्त्रज्ञानं १८७३ मध्ये लोखंडी तारेत हे उजळणं नोंदवलं. मला आधी वाटलं, भात्याची झुळूक लागली असेल. भट्टीवरचे घिसाडी मामा म्हणाले, “गेला त्याचा जीव. आता परत घालावं लागतंय भट्टीत.” बरोबरच होतं. मांडणी मोडल्यावर बुडवून उपयोग नाही.

वेळेत तेलात बुडवलं, तर कार्बनला बाहेर पडायला सवडच मिळत नाही, तो आतच अडकतो. वरची काळी खवली गळून करडी कातडी दिसते. पोलाद किंचित फुगतं, म्हणून पातं कधी वाकतं, कधी ‘टिच्’ करून तडकतं. आता कानस लावली तर नुसती घसरते. पातं कडक आहे, पण काचेसारखं ठिसूळ.

मग ठिसूळपणा जाऊन जरा मऊपणा यावा म्हणून विटेनं घासून ते चकचकीत करायचं आणि पाठ निखाऱ्यावर धरायची. धारेकडं रंग धावत येतात: २२० अंशांना गव्हाच्या काडासारखा पिवळा, २५५ च्या आसपास तपकिरी, २८० ला जांभळा, ३०० ला निळा. तपकिरीवर जांभळी झाक आली की मामा पातं पाण्यात घालतात. ही लाली नव्हे. इतक्या कमी उष्णतेत लोखंड उजळत नाही. वर ऑक्साइडचा अतिपातळ पापुद्रा धरतो आणि त्याच्या दोन बाजूंवरून परतणारे किरण एकमेकांत मिसळून रंग दाखवतात. डबक्यावर सांडलेल्या डिझेलचे रंग असेच.

म्हणजे रंग नुसता कातडीचा. मागच्या साली घरच्या विळ्याला मी ग्राइंडर लावला, धारेवर निळी रेघ आली. पॉलिश पेपरनं ती काढून टाकली आणि गप्प बसलो. चार दिवसांत धार वळली. मामांनी विळा हातात घेतला, नखानं धार चाचपली आणि काही न विचारता भट्टीत घातला.