आईची आई होता येत नाही

तिशी ओलांडलेला, पाच-सहा टनांचा ओर्का (किलर व्हेल) नर समुद्रात कुणाला भीत नाही. त्याची शिकार करू शकेल असा प्राणीच तिथे नाही. पण त्याची आई मेली, तर पुढच्या वर्षभरात तो मरण्याची शक्यता सुमारे चौदा पटींनी वाढते. कॅनडा आणि अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यालगतच्या ओर्कांच्या कित्येक दशकांच्या नोंदींवरून २०१२ साली हा आकडा निघाला. त्याच वयाच्या मादीलाही आई गेल्याचा फटका बसतो, पण तिचा धोका तिपटीच्या आतच राहतो.

लेकाचंच इतकं का अडतं? ओर्का आई पकडलेला सामन मासा वाढलेल्या लेकाला तोडून देत राहते. मुलीची पिल्लं आईच्याच कळपात वाढतात आणि तिथल्या अन्नात वाटेकरी होतात. मुलाची पिल्लं दुसऱ्या कळपातल्या माद्यांकडे वाढतात, त्यांचा भार या आजीवर पडत नाही. उत्क्रांतीच्या हिशेबात मुलगा पोसणं आईला परवडतं. तरी ते फुकट नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं, की दूध सुटलेला एक मुलगा हयात असला, तर आईला त्या वर्षी नवं पिल्लू वाढवता येण्याची शक्यता जवळपास निम्मी होते. मुलगा वयाने वाढला म्हणून हा भार हलकाही होत नाही.

माणूस ओर्का नाही, हे खरंच. पण मूल मोठं झालं की आईचं काम संपलं, हा समज निसर्गात सगळीकडे लागू नाही, एवढं यावरून कळतं. मानसशास्त्राचा मात्र बराच काळ तसाच काहीसा समज होता. जॉन बोल्बी आणि मेरी एन्सवर्थ यांनी आई-मुलाच्या नात्याच्या शास्त्राचा पाया घातला तो तान्ह्या मुलांच्या अभ्यासातून. चाळिशीतली लेक आणि सत्तरीतली आई यांच्यात नेमकं काय चालतं, याकडे संशोधकांचं लक्ष वळायला उशीर झाला.

१९७० च्या दशकाच्या सुरुवातीला सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात व्हर्न बेंगटसन यांनी एकाच कुटुंबातल्या तीन पिढ्यांना तेच ते प्रश्न विचारायला सुरुवात केली. तुमचं नातं किती जवळचं आहे? तुमची मतं किती जुळतात? उत्तरांत एक ठरावीक फरक पुन्हा पुन्हा सापडला. आईवडील नातं जास्त जवळचं सांगत, मतभेद कमी सांगत, मुलं उलट. बेंगटसन यांचं स्पष्टीकरण गुंतवणुकीच्या भाषेत होतं. आईने आयुष्याची वीस-पंचवीस वर्षं या नात्यात घातलेली असतात आणि आपलं जे काही पुढे जाणार, ते या मुलातूनच जाणार असतं. म्हणून साम्य तिच्या नजरेत भरतं. मुलाला स्वतःची ओळख उभी करायची असते, म्हणून त्याला वेगळेपण दिसतं. खोटं कुणीच बोलत नसतं. ‘आमच्यात काही भांडण नाही’ असं म्हणणारी आई आणि ‘आमचं पटत नाही’ असं म्हणणारी मुलगी एकाच घरातल्या असू शकतात, आणि प्रामाणिकही.

भांडणं होतात कशावरून, हेही मोजलं गेलं आहे. किरा बर्डिट आणि कॅरन फिंगरमन यांच्या २००९ च्या अभ्यासात वीस ते पन्नास या वयातली मुलं आणि त्यांचे आईवडील यांच्यातल्या ताणांचे दोन ढीग पडले. पहिला ढीग मुलाच्या आयुष्याचा: नोकरी, पैसा, शिक्षण, घर कसं ठेवतो, तब्येत. दुसरा ढीग नात्याचाच: न मागता दिलेला सल्ला, किती वेळा बोलायचं, जुने सल, मुलांना कसं वाढवायचं. नात्याला जास्त पोखरतो तो दुसरा ढीग. वडिलांपेक्षा आईशी ताण जास्त आढळला आणि मुलग्यांपेक्षा मुलींशी जवळीकही जास्त, ताणही जास्त. ज्या नात्यात येणं-जाणं असतं तिथेच घासाघीस होते. बंद दाराच्या बिजागऱ्या कुरकुरत नाहीत.

त्याच गटाने पुढचा प्रश्न विचारला: असा ताण आला की तुम्ही करता काय? उत्तरं तीन प्रकारची. आरडाओरड, विषय टाळणं, आणि समजून घेऊन बोलणं. आरडाओरडीने नातं बिघडतं हे सांगायला संशोधक कशाला हवेत! पण टाळाटाळही नात्याच्या कमी जवळिकीशी आणि वाढलेल्या घालमेलीशी जोडलेली निघाली. ‘तोंड मिटून ऐकून घ्यायचं आणि सोडून द्यायचं’ हा घरोघरचा शहाणपणा इथे तितकासा टिकला नाही. गप्प बसलेल्या माणसाच्या मनात विषय संपलेला नसतो, आणि समोरच्याला तो संपल्यासारखा वाटतो. मग पुढच्या वेळी तोच सल्ला पुन्हा येतो.

मग बोलायचं कसं? न मागितलेल्या सल्ल्यात दोन गोष्टी एकत्र बांधलेल्या असतात: काळजी आणि सूचना. मूल सूचनेला उत्तर देतं, काळजी तशीच राहते, आणि ती पुढच्या फोनवर नव्या सूचनेचं रूप घेऊन येते. म्हणून आधी काळजीला नाव द्यायचं, मग निर्णय कुणाचा ते एका वाक्यात सांगायचं, आणि शेवटी आईला खरोखर ठाऊक असलेलं काहीतरी विचारायचं. ‘आई, पगार थांबेल याची तुला काळजी वाटतेय ना? नोकरी सोडायचं माझं ठरलंय. पण बाबांचं काम सुटलं होतं तेव्हा पहिले तीन महिने तू घर कसं चालवलंस, ते सांग.’ यातलं मधलं वाक्य गाळलं तर चर्चा पुन्हा निर्णयावर येते. पहिलं गाळलं तर ते तोडून बोलल्यासारखं लागतं. तिसरा प्रश्न निव्वळ शिष्टाचाराचा असला तर आईला तो लगेच कळतो, त्यापेक्षा न विचारलेला बरा. ‘नेहमी’ आणि ‘कधीच’ हे दोन शब्द मात्र पूर्ण वर्ज्य. ते आले की आजचा मुद्दा जातो आणि वीस वर्षांचा हिशेब निघतो.

हे सगळं लिहून पाठवण्यापेक्षा बोलून करावं. विस्कॉन्सिन विद्यापीठात लेस्ली सेल्टझर यांनी ७ ते १२ वर्षांच्या मुलींना अनोळखी लोकांसमोर भाषण आणि तोंडी गणितं करायला लावून ताण दिला. त्यानंतर ज्यांना आई भेटली आणि ज्यांनी फोनवर तिचा आवाज ऐकला, त्या दोन्ही गटांत ताणाचं संप्रेरक कॉर्टिसोल उतरलं आणि जवळिकीशी जोडलेलं ऑक्सिटोसिन वाढलं. ज्यांना तिचे फक्त लिखित संदेश मिळाले, त्यांची पातळी आईशी संपर्क न झालेल्या मुलींसारखीच राहिली. अभ्यास लहान मुलींवरचा होता. पण लिहिलेल्या ओळीत आवाजाचा चढउतार नसतो ही अडचण वयावर अवलंबून नाही. ‘बरं’ या एका शब्दाचे किती अर्थ होतात, ते मेसेज वाचून राग आलेल्या कुणालाही विचारा.

भावंडं असतील तिथे आणखी एक गुंता असतो. जिल सूटर आणि कार्ल पिलेमर यांनी वयस्क आयांना थेट विचारलं की कोणत्या मुलाशी तुमची जास्त जवळीक आहे, आणि बहुतेकींनी एक नाव घेतलं. ती निवड मुलाच्या कर्तबगारीपेक्षा मूल्यं जुळण्यावर जास्त अवलंबून होती. गंमत अशी, की लाडकं कोण याबद्दल मुलांनी केलेले अंदाज बऱ्याचदा चुकले. त्याच अभ्यासमालेत साडेपाचशेहून जास्त कुटुंबांपैकी सुमारे ११ टक्क्यांत आईचा निदान एका मुलाशी संबंध तुटलेला होता. व्यसन किंवा कायदा मोडणं यांपेक्षा, आईला जे पटतं ते मुलाला न पटणं हे कारण इथे जास्त वजनदार ठरलं.

आता वयाकडे येऊ, कारण सगळ्यात मोठी चूक तिथे होते. आई सत्तरीपार गेली की मुलं म्हणू लागतात, ‘आता आम्हीच तिचे आईवडील.’ म्हातारपण म्हणजे दुसरं बालपण, ही म्हण तर तयारच असते. मार्गारेट ब्लेंकनर या संशोधिकेने १९६५ मध्येच हे उलटापालटीचं चित्र खोडून काढलं होतं. चाळिशी-पन्नाशीच्या सुमारास मुलाला एक नवी प्रौढता यावी लागते, असं तिचं म्हणणं. आपल्या गरजेला आधार देणारी व्यक्ती यापलीकडे आई हा स्वतःचा इतिहास, भीती आणि मर्यादा असलेला माणूस म्हणून दिसणं, आणि तिने आपल्यावर अवलंबून राहावं इतकं भरवशाचं होणं. यात मूल हे मूलच राहतं. बाळाचं अवलंबित्व रोज थोडं कमी होणार असतं आणि त्याच्यामागे साठ-सत्तर वर्षांच्या निर्णयांची सवय नसते. आईच्या मागे ती असते.

ही सवय मुलांना ‘हट्ट’ म्हणून दिसते. ॲलिसन हाइड यांच्या गटाने मध्यमवयीन मुलांना विचारलं, तेव्हा तीन-चतुर्थांशाहून जास्त जणांनी आईवडील अधूनमधून तरी हट्टीपणा करतात असं सांगितलं. आईवडिलांना स्वतःत तितका हट्ट दिसत नव्हता. मुलाचं उद्दिष्ट आईची सुरक्षितता असतं, आईचं उद्दिष्ट स्वतःचं आयुष्य स्वतः चालवणं. काठी घे, असं दहा वेळा सांगून ती घेत नसेल तर बहुधा प्रश्न काठीचा नसतो, ती घेतल्यावर आपण कशा दिसू याचा असतो.

मदतीचाही एक उलटा परिणाम आहे. बर्लिनमध्ये मार्ग्रेट बाल्टेस यांनी वृद्धाश्रमांतलं रोजचं वागणं मिनिटामिनिटाने नोंदवलं. वृद्ध व्यक्तीने मदत मागितली किंवा एखादं काम अर्धवट सोडलं की लगेच कुणीतरी धावून येई. तिने तेच काम स्वतः केलं की कुणी लक्षही देत नसे. लक्ष मिळवायचा खात्रीचा मार्ग म्हणजे न जमणं, हे माणूस नकळत शिकतो. घरातही हेच घडतं, फक्त तिथे त्याला माया म्हणतात. हात, डोळे आणि क्रम लक्षात ठेवणारी बुद्धी वापरात राहिली नाही की जे जमत होतं तेही जाईल.

यावर ऑक्युपेशनल थेरपिस्ट (रोजची कामं स्वतः करता यावीत म्हणून मदत करणारे तज्ज्ञ) वापरतात ती रीत घरी करता येते: कामाचे तुकडे पाडा आणि नेमका अडणारा तुकडा शोधा. औषध घेणं हे वरवर एकच काम. त्यात वेळ आठवणं, योग्य पाकीट ओळखणं, बारीक अक्षरं वाचणं, गोळी फोडून काढणं, गिळणं, आणि घेतली हे लक्षात ठेवणं असे सहा तुकडे आहेत. वेळ चुकत असेल तर गजर पुरतो. अक्षरं दिसत नसतील तर मोठी चिठ्ठी, बोटांत जोर नसेल तर आठवड्याच्या खणांची डबी. घेतली की नाही हे आठवत नसेल तरीही तीच डबी, कारण रिकामा खण स्वतःच उत्तर देतो. अडतोय एक तुकडा आणि आपण सहाही हातात घेतो, तिथे बिघडतं. डबी भरायचं काम शक्यतो तिच्याकडे ठेवा, तुम्ही फक्त तपासा. आणि ती काही करत असताना हात पुढे करण्याआधी मनात दहापर्यंत मोजा. वयाबरोबर मेंदूचा वेग मंदावतो. तो थांबला असं नव्हे.

‘हट्टी’ किंवा ‘विसराळू’ ठरवण्याआधी एक गोष्ट तपासायलाच हवी, ती म्हणजे कान. वयामुळे येणारा बहिरेपणा वरच्या कंप्रतेपासून, म्हणजे उंच पट्टीतल्या आवाजांपासून सुरू होतो; ही पट्टी हर्ट्झमध्ये मोजतात. स्वर खालच्या पट्टीत असतात, ते ऐकू येतात. स, श, फ यांची ऊर्जा बरीचशी २,००० हर्ट्झच्या वर असते, ते गळतात. म्हणून आई म्हणते, ‘आवाज येतो, पण काय बोलतोस ते कळत नाही.’ तिला ‘साठ’ आणि ‘आठ’ सारखेच वाटू शकतात. जुन्या पद्धतीच्या फोनवरून साधारण ३०० ते ३,४०० हर्ट्झ एवढाच पट्टा जातो, त्यामुळे अडचण दुप्पट होते. इंटरनेटवरच्या कॉलचा आवाज बहुधा भरीव असतो, आणि व्हिडिओ असला तर ओठही दिसतात.

इथे मुलं दोन चुका करतात. एक, आवाज चढवतात, आणि चढलेला आवाज वरच्या पट्टीत जातो, म्हणजे नेमका तिथे जिथे ऐकू येत नाही. दोन, बाळाशी बोलावं तसं लाडीगोडीने, तुटक बोलतात. सुझन केम्पर यांच्या प्रयोगांत अशा तुटक, सुरेल बोलण्याने आकलन सुधारलं नाही. वाक्यातलं वाक्य काढून टाकणं आणि तोच मुद्दा थोडा खुलवून सांगणं, याचा उपयोग झाला. तेव्हा टीव्ही बंद करा, साधारण मीटरभर अंतरावर समोर बसा, उजेड तुमच्या चेहऱ्यावर येऊ द्या, पट्टी थोडी खाली ठेवा. कळलं नाही तर तेच वाक्य मोठ्याने न म्हणता वेगळ्या शब्दांत सांगा.

ऐकू न येणं आणि आठवण जाणं यांतला फरक घरी ढोबळमानाने कळतो. ठरलेली गोष्ट लिहून दिल्यावर तिला ती नीट आठवत असेल, तर आधी कानाची तपासणी करा. कानातला मळ हे कारण असेल तर ते डॉक्टर काही मिनिटांत दूर करतात. ऐकलेलं तिने लगेच बरोबर म्हणून दाखवलं आणि तासाभराने ते बोलणं झालंच नव्हतं असं तिला वाटलं, तर स्मृतीची तपासणी हवी. आणि गोंधळ एक-दोन दिवसांत अचानक आला असेल, तर वाट पाहू नका. संसर्ग, शरीरातलं पाणी कमी होणं किंवा नवं औषध यामुळे असं होतं, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

श्रवणयंत्र आणलं तर पहिले काही आठवडे ते नकोसं वाटणारच. मेंदूने कित्येक वर्षांत न ऐकलेले आवाज, भांड्यांचे, कागदाचे, एकदम अंगावर येतात. सुरुवात शांत खोलीत, दिवसातून एखाद-दोन तास, एकाच माणसाशी बोलत करावी. लग्नसमारंभात पहिल्यांदा लावलेलं यंत्र बहुधा खणात जाऊन पडतं.

आणि औषधाचे आकडे सांगायचेच असतील तर ‘साठ’ न म्हणता ‘सहा आणि शून्य’ म्हणा, मग तिला परत म्हणायला सांगा, आणि मोठ्या अक्षरांत लिहून द्या. चिठ्ठी कुठे चिकटवायची ते तिलाच ठरवू दे.