लढाईसाठी न घडवलेली शस्त्रे

प्राचीन शस्त्रांकडे अभ्यासक सुरुवातीला पाहत ते काळ ठरवण्यासाठी. कोपनहेगनच्या संग्रहालयात ख्रिश्चन थॉमसेन यांनी वस्तू दगड, कांस्य आणि लोखंड अशा तीन युगांत लावल्या. ही मांडणी १८३६ मध्ये छापून आली. कुऱ्हाड कशाची आहे हे कळले, की तिचे युग कळे. ती तिथे कोणी, का ठेवली याची फारशी चौकशी होत नसे.

ती चौकशी करायला लावली डेन्मार्कच्या दलदलींनी. इलेरुप येथे एका जुन्या तळ्याच्या जागी सुमारे १५,००० वस्तू निघाल्या. बऱ्याचशा इ.स. २०० च्या आसपास पाण्यात टाकलेल्या, त्यांतल्या कितीतरी तलवारी मुद्दाम वाकवलेल्या. हरलेल्या सैन्याची सामग्री देवांना वाहिली, असा अर्थ आज लावला जातो. इ.स.पू. १०५ मध्ये रोमनांना हरवल्यावर उत्तरेकडून आलेल्या किंब्री या टोळ्यांनी सोने-चांदी नदीत फेकली, चिलखते तोडली, घोडेही बुडवले, असे ख्रिस्ती इतिहासकार ओरोसियस लिहितो. लिहितो मात्र पाचशे वर्षांनी, त्यामुळे ते जपूनच घ्यावे.

काही शस्त्रे तर लढाईसाठी घडवलेलीच नव्हती. इंग्लंडमधील ऑक्सबरो येथे १९८८ मध्ये एक माणूस चालताना कांस्याच्या खंजिराला अडखळला. टोक खाली करून तो दलदलीत उभा रोवलेला होता. लांबी जवळपास ७१ सेंटिमीटर, वजन सव्वादोन किलोहून अधिक. पात्याला धार काढलेली नाही आणि मूठ बसवायला रिव्हेटची, म्हणजे जोडखिळ्यांची, भोकेही नाहीत. एवढे मौल्यवान धातू ओतून हाती धरता न येणारे हत्यार करायचे, म्हणजे ते दाखवण्यासाठी किंवा अर्पण करण्यासाठीच.

थडग्यांतल्या शस्त्रांचा गुंता जास्त आहे. स्वीडनमधील बिर्का या व्हायकिंगकालीन नगरातील तलवार, कुऱ्हाड, भाले आणि दोन घोडे असलेले थडगे १८७८ मध्ये उकरले गेले आणि पुरुष योद्ध्याचे म्हणून शंभर वर्षांहून अधिक काळ खपले. २०१७ मध्ये डीएनएने त्यातली व्यक्ती स्त्री असल्याचे दाखवले. लगेच प्रश्न आला: शस्त्रे होती, म्हणून ती लढलीच असेल का? प्रश्न रास्त आहे, पण पुरुषांच्या बाबतीतही तो तितकाच रास्त होता. पुरातत्त्वज्ञ हाइनरिख हार्के यांनी इंग्लंडमधील सुरुवातीच्या मध्ययुगातली अँग्लो-सॅक्सन थडगी तपासली, तेव्हा लढण्याच्या वयाच्या बरीच आधी गेलेल्या मुलांजवळही शस्त्रे आढळली होती. ती शस्त्रे मृताच्या पराक्रमापेक्षा त्याच्या घराण्याचे कूळ आणि ऐपत सांगतात, असे त्यांचे म्हणणे.