आईकडून बाळाकडे येणारे परजीवी: आलेख उतरला, पण आजार?

रक्त शोषणाऱ्या किड्यांमुळे पसरणाऱ्या चागास आजाराचा परजीवी अंगात असलेल्या आयांच्या शंभरातल्या साधारण 5 बाळांना तो वारेतून मिळतो. समजा, एखाद्या भागात वर्षाला 10,000 बाळं जन्मतात आणि 2 टक्के आया बाधित आहेत. म्हणजे आया 200 आणि बाधित बाळं अंदाजे 10. त्यातली तीन तपासणीतून निसटली, की नोंदलेल्या रुग्णांचा आलेख 30 टक्क्यांनी खाली येतो. आजार मात्र होता तिथेच असतो.

ती निसटतात कशी? जन्माच्या वेळी बाळाच्या किंवा नाळेच्या रक्तात सूक्ष्मदर्शकाखाली परजीवी दिसला तर निदान पक्कं. पण तेव्हा त्यांची संख्या फारच कमी असू शकते, त्यामुळे 'दिसला नाही' याचा अर्थ 'नाही' असा घेता येत नाही. प्रतिपिंडांची (शरीराने परजीवीविरुद्ध तयार केलेल्या प्रथिनांची) चाचणीही तेव्हा कुचकामी, कारण आईची आयजीजी प्रकारची प्रतिपिंडं वार ओलांडून बाळात आलेली असतात आणि काही महिने टिकतात. म्हणून ही चाचणी साधारण 8 ते 10 महिन्यांनी करतात. तोवर बाळ हसतं-खेळतं असतं, त्याला परत कशाला आणायचं असं घरच्यांना वाटतं. खरं तर पहिल्याच वर्षात बेन्झनिडाझोल हे औषध दिलं तर 90 टक्क्यांहून अधिक बाळं बरी होतात.

त्यामुळे अहवालात रुग्णसंख्येशेजारी दुसरा आकडा हवाच: बाधित आयांच्या किती बाळांची शेवटची चाचणी झाली? न आलेल्यांना निरोगी धरणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक.

आईकडून बाळाकडे जाणाऱ्या दुसऱ्या एका परजीवी आजारात, टोक्सोप्लाझ्मोसिसमध्ये, गोची वेगळी. गरोदरपणाच्या सुरुवातीला आईला लागण झाली तर ती बाळापर्यंत क्वचित पोचते, पण पोचली तर इजा गंभीर. शेवटच्या महिन्यांत ती सहज पोचते आणि बाळ जन्मतः ठणठणीत दिसतं. लक्षणं असलेलीच बाळं मोजली तर हा मोठा गट नोंदीतच येत नाही. फ्रान्समध्ये 1992 पासून, प्रतिपिंडं नसलेल्या, म्हणजे आधी लागण न झालेल्या गरोदर स्त्रियांची चाचणी दर महिन्याला होते, त्यामुळे तिथे किमान लागणीची वेळ तरी कळते.

चागासचा कल पाहताना बाळाच्या नव्हे, आईच्या जन्मवर्षानुसार गट पाडावेत. अनेक आयांना रक्त शोषणाऱ्या किड्यांमुळे लागण होते ती बालपणी. फवारणीने किड्यांचा बंदोबस्त आज झाला, तरी त्याचा परिणाम नवजात बाळांत दिसायला एक पिढी जाते. आई कुठे वाढली हेही नोंदवावं, नाहीतर स्थलांतराने झालेला बदल फवारणीच्या खात्यात जमा होतो.