अहमदाबाद प्रयोग

अहमदाबादच्या कॅलिको या कापड गिरणीत १९५३ पासून झालेले कृतिसंशोधन, म्हणजे प्रत्यक्ष कामात बदल करत करत केलेले संशोधन. लंडनच्या टॅविस्टॉक इन्स्टिट्यूट या सामाजिक संशोधन संस्थेचे ए. के. राइस यांनी ते केले; गौतम साराभाई तेव्हा कंपनीचे अध्यक्ष होते. समाजशास्त्रीय सिद्धांत हाताशी धरून कारखान्यातले संशोधन कसे चालवावे, हे समजून घ्यायला भारतात याहून चांगले उदाहरण क्वचितच सापडेल.

कृतिसंशोधनाची कल्पना मानसशास्त्रज्ञ कुर्त लेविन यांनी १९४०च्या दशकात मांडली. आपल्याकडे ती बी.एड.च्या प्रकल्पांमुळे परिचित आहे. पण वर्गात शिक्षकच संशोधक असतो. गिरणीत संशोधक बाहेरचा, त्याला बोलावणारे व्यवस्थापन आणि बदल सोसणारे कामगार. राइस यांच्यामागे एरिक ट्रिस्ट व केन बॅमफोर्थ यांचा ब्रिटिश कोळसा खाणींवरील १९५१चा अभ्यास होता. यंत्र बदलले की कामाभोवतीची माणसांची घडीही मोडते, म्हणून दोन्हींचा विचार एकत्रच करावा लागतो, हे त्याचे सार.

कॅलिकोत १९५२ मध्ये स्वयंचलित माग आले, पण अपेक्षित फरक पडेना. एका खात्यात २२४ माग, २९ कामगार आणि कामांचे १२ प्रकार. विणकराकडे २४ किंवा ३२ माग, बॅटरी (मागावरचा आडव्या धाग्याच्या कांड्यांचा साठा) भरणाऱ्याकडे चाळीस-पन्नास, झाडूवाल्याकडे सगळेच. त्यामुळे एका मागाशी संबंध येणारी माणसे दुसऱ्या मागावर एकत्र नसत. धागा तुटला, माग थांबला, तर जबाबदारी नेमकी कोणाची, हे ठरतच नसे.

ठरावीक मागांसाठी एकच गट असावा, एवढीच राइस यांची सूचना होती. गट बांधले ते कामगारांनी आणि पर्यवेक्षकांनी. जोडीदारही कामगारांनीच निवडले. साधारण ६४ मागांमागे सात जण, अशी रचना उभी राहिली. प्रयोगाचे खरे मोल इथेच आहे: उत्तर शोधण्याचे काम संशोधकाने कामगारांच्या हाती सोपवले. पुढे उत्पादन सुधारले, कापडाची नासाडी घटली. राइस यांचा ग्रंथ १९५८ मध्ये आला.

या सुधारणेत वाढलेल्या मजुरीचा वाटा किती, यावर अभ्यासकांत वाद झाला, आणि तो रास्त आहे. १९७० मध्ये टॅविस्टॉकचेच एरिक मिलर यांनी पुन्हा पाहणी केली, तेव्हा साध्या मागांच्या एका खात्यात गटपद्धती टिकून होती. स्वयंचलित मागांवर ती बरीच विरली होती. पर्यवेक्षकाने गटाची सीमा, म्हणजे गटाचा बाहेरच्यांशी येणारा संबंध, सांभाळावी, आतला कारभार गटावर सोडावा, ही राइस यांची मांडणी. बाहेरचा ताण वाढला तिथे पर्यवेक्षक आतल्या कामात उतरले आणि गट सुटत गेले.