विजेची भट्टी कमी ऊर्जा खाते? नाही!

फॅक्टोरिओ हा कारखाने उभारण्याचा संगणक-खेळ खेळणाऱ्यांमध्ये एक समज पक्का बसलाय: विजेची भट्टी आली की ऊर्जेची बचत. आकडे उलटं सांगतात. कोळशासारख्या इंधनावर चालणारी पोलादी भट्टी आणि विजेची भट्टी, दोघींचा वेग 2. पण पहिली 90 किलोवॅट घेते, दुसरी 180. लोखंडाच्या एका पत्र्याला 1.6 सेकंद, म्हणजे 144 विरुद्ध 288 किलोज्यूल! शिवाय रिकामी असतानाही विजेची भट्टी 6 किलोवॅट ओढत राहते.

प्रदूषण? विजेच्या भट्टीचं मिनिटाला 4 ऐवजी 1 दिसतं खरं, पण वीज कोळशाच्या बॉयलरची असेल तर उरलेले 3 तिथे निघतात. विजेच्या भट्टीत पहिल्या पातळीची दोन बचत-मॉड्यूल (खप घटवणारे जोड-भाग) बसवा, मग खप 72 किलोवॅटवर येतो. खरी बचत तिथून सुरू होते.